दुसऱ्या सिमची जागा

आई पुण्याला गेली ती महिन्याभरासाठी. निदान आमच्या घरात तसंच बोललं जायचं. दादाला मुलगा झाला होता, वहिनीची रजा संपत आली होती, आणि एवढंसं बाळ पाळणाघरात ठेवायचं कसं म्हणून आई गेली. जाताना तिनं लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले, मला रोज दूध प्यायला सांगितलं, स्टेशनवर खिडकीतून बाबांना ‘येतेच मी’ म्हणाली आणि गाडी सुटली. मग बाळाला दात येऊ देत, दात आले की येते. रांगायला लागलं की येते. गणपतीत नक्की येते. बाळ रांगलं, उभं राहिलं, गणपती आले आणि गेले. आई आली नाही. शेजारीपाजारी विचारायचे, तेव्हा मी ‘येणारच आहे’ असं इतक्या सफाईनं सांगायला लागले होते की मला माझाच राग यायचा.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहायचो, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. खाली घरमालक गुप्ताजी आणि त्यांची बायको. सकाळी बाड्याच्या बाजारचौकाकडे माणसं नेणाऱ्या टेंपोंचा फटफट आवाज सुरू झाला की दिवस उजाडायचा, आणि खाली गुप्ताआंटींचा मिक्सर थांबला की जेवणाची वेळ झाली असं समजायचं. बाबा गावातल्याच हजीरा भागातल्या एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. मुळात बोलणं कमीच. आई होती तेव्हा ते लक्षात यायचं नाही, कारण ती दोघांचं मिळून बोलायची. ती गेल्यावर कळलं की या माणसाबरोबर मी इतकी वर्षं राहिले, पण आम्ही दोघं सरळ एकमेकांशी असे कधी बोललोच नव्हतो. मी बारावीत होते. संध्याकाळी कोचिंगहून यायचे, कुकर लावायचे. बाबा पोळ्या लाटायचे. चित्रकाराचा हात, त्यामुळे पोळी गोल आणि चवीला कच्ची. जेवताना ते ‘मीठ?’ म्हणायचे, मी पुढे सरकवायचे. कुकरच्या शिट्ट्या हाच आमच्या घरातला सगळ्यात गप्पिष्ट आवाज होता. रविवारी गुप्ताआंटी वाटीभर बटाट्याची भाजी आणि बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, वर पाठवायच्या, तेव्हा घरात कुणाच्या तरी घरचा वास यायचा.

आईचा फोन संध्याकाळी यायचा, बाबांच्या बटणांच्या फोनवर. बाबा म्हणायचे, ‘हो. जेवतोय. बरं आहे. देतो तिला.’ मग मी. मी काय खाल्लं, अभ्यास झाला का, घसा बरा आहे का, इतकं होईपर्यंत तिकडे बाळ रडायचं आणि ‘ठेवते गं’ म्हणून आई जायची. मला सांगायचं असायचं ते राहून जायचं. आणि खरं तर सांगण्यासारखं काही नव्हतंच, दाखवण्यासारखं होतं. मी केस कापले होते. कपाळावर पुटकुळ्या आल्या होत्या. आईच्या जुन्या कुर्त्या मला नीट बसायला लागल्या होत्या. एवढं सगळं झालं आणि त्या घरात ते कुणाच्या नजरेला पडत नव्हतं. बाबा माझ्याकडे बघायचे, पण पाहायचे नाहीत. मला फार एकटं वाटायचं. कुणी तरी मला नुसतं नीट न्याहाळावं, ‘वाळलीस’ म्हणून रागवावं, एवढ्यासाठी जीव कासावीस व्हायचा.

त्यात दादाचा फोन आला. ‘बाबा, शलूला एक स्मार्टफोन घेऊन द्या. मी इकडून लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावत जाईन. आई तुम्हाला बघेल, तुम्ही बाळाला बघाल.’ बाबा मला म्हणाले, ‘कुठला घ्यायचा ते तू बघ. मला त्यातलं कळत नाही.’ त्या दिवसापासून माझा अभ्यास बदलला. तेव्हा असे फोन आमच्यासारख्या घरांत नुकते शिरू लागले होते आणि ज्याच्या हातात तो होता त्याला सल्ला द्यायचा अधिकार आपोआप मिळायचा. माझी मैत्रीण पूजा म्हणाली, ‘कैमरा देख यार, बाकी सब बकवास है.’ तिचा भाऊ म्हणाला, ‘रॅम देखो, नहीं तो रोओगी.’ गुप्ताजींनी बॅटरी बघायला सांगितली, कारण ‘यहाँ बिजली का क्या भरोसा’. आंटी म्हणाल्या स्क्रीन मोठा घे, म्हणजे आरती वाचता येईल. कोचिंगचे सर म्हणाले फोनच घेऊ नकोस. प्रोसेसर, मेगापिक्सेल, इंटर्नल मेमरी हे शब्द मी तोंडात लिमलेटच्या गोळीसारखे घोळवत फिरायचे. कोचिंग सुटलं की बाड्याजवळच्या दुकानांत जायचं, काचेपलीकडचे फोन बघायचे, आणि दुकानदारानं ‘हाँ बेटा?’ म्हटलं की ‘बस देख रहे हैं’ म्हणून सटकायचं.

मनातून मला या सगळ्यातलं एकच हवं होतं: पुढचा कॅमेरा. स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो तो बारीक ठिपका. तो असला की मी आईला बघेन तेव्हाच आई मला बघेल. तो नसला तर बाकी सगळं असून माझ्या उपयोगाचं काही नव्हतं. आज लोक मला विचारतात, नवा फोन घ्यायचाय, कुठला घेऊ? मग ते झूम आणि चार्जिंगचं बोलत राहतात. मी ऐकून घेते. मनात येतं, तुला कुणाशी बोलायचंय ते आधी सांग, बाकीचं मग बघू. पण असं कुणाला तोंडावर म्हणता येत नाही, माणसं दुखावतात.

मी एक फोन पक्का करून ठेवला. पांढरा, हातात मावणारा, पुढे-मागे दोन्हीकडे कॅमेरा. जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी घास संपवला आणि विचारलं, ‘त्यात दोन सिम बसतात का?’

‘नाही. एकच.’

‘मग दोन बसतात तो बघ.’

मला वाटलं ते असंच म्हणाले असतील. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, आणि तिसऱ्या दिवशीही. आमच्या ऐपतीत बसणारे जे फोन होते त्यांत दोन्ही गोष्टी मिळत नव्हत्या. दोन सिमचा घ्यायचा तर कॅमेरा फक्त पाठीमागे. पुढचा कॅमेरा हवा तर सिम एक. मी समजावून सांगितलं, कागदावर फोनचं चित्र काढून दाखवलं, मास्तरांना मास्तरांच्या भाषेत. बाबांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, ‘दोनवालाच घेऊ.’ या माणसानं आयुष्यात कधी भाजीतसुद्धा आवडनिवड सांगितली नव्हती. मी भडकले. ‘तुम्हाला कोण फोन करतं हो? एका सिमवर तर कुणाचा येत नाही, दुसरं कशाला हवंय?’ बाबा उठले, ताट घासायला ठेवलं आणि नेहमीसारखे खिडकीपाशी पेन्सिलींना टोक काढत बसले. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. आई असती तर तिनं दोघांच्या मध्ये उभं राहून काही तरी तोड काढली असती. पण आई असती तर फोनच लागला नसता.

घटस्थापनेच्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. बाड्यावर फुलांचे ढीग लागले होते, सराफ्याकडून येणाऱ्या बायकांनी रस्ता भरला होता, आणि बाबा माझ्या पुढे दोन पावलं चालत होते, बोलत नव्हते. दुकानदार तरुण होता, बोलका होता, आणि माझ्या सुदैवानं माझ्याच बाजूचा निघाला. त्यानं दोन्ही फोन काचेवर ठेवले. ‘अंकल, बच्ची सही कह रही है. आजकल फ्रंट कैमरा ज़रूरी है. डबल सिम का आप क्या करोगे? दो नंबर हैं आपके?’

बाबांनी शर्टाच्या खिशात हात घातला. देवळातून कुंकू आणतात तशी कागदाची छोटी पुडी काढली, काचेवर ठेवली आणि उलगडली. आत सिम होतं. ‘ये भी चलाना है,’ ते म्हणाले.

मी विचारलं, ‘हे कुणाचं?’

‘आईचं.’

आजच्या मुलांना हे सांगावं लागतं: तेव्हा आपला नंबर घेऊन दुसऱ्या राज्यात गेलं की आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडायचे. म्हणून दादानं आईला पुण्याचा नंबर घेऊन दिला, आणि गणपतीच्या आधी कुणाबरोबर तरी काही वस्तू परत पाठवल्या त्यात तिचं ग्वाल्हेरचं सिम आलं होतं. मला वाटलं होतं ते कुठे तरी ड्रॉवरमध्ये पडलं असेल. बाबा दर रविवारी सकाळी आपला फोन उघडून बसायचे. मी समजायचे, बिघडलाय. ते आपलं सिम काढून आईचं घालत होते. थोडा वेळ तसंच ठेवायचे, आणि मग पुन्हा आपलं घालून पुडी बांधायचे.

‘वापरलं नाही तर नंबर बंद होतो म्हणे,’ बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. ‘इथं तिला सगळे याच नंबरावर ओळखतात. ती आली आणि नंबरच नसला, तर कसं?’

दुकानदारानं पांढरा फोन उचलून मागच्या फळीवर ठेवला, मला न विचारता. मी तो परत मागितला नाही. पण मन मोठं करून मी तो दुसरा फोन स्वीकारला असं काही नाही. घरी येताना टेंपोत मी बाहेर तोंड करून बसले होते आणि मांडीवरच्या डब्याकडे बघतही नव्हते. बाबांचं मला कळलं होतं, तरीही आई मला बघू शकणार नव्हती, ते कळल्यानं बदलत नव्हतं. दोघांचीही गरज खरी होती आणि फोन एकच होता.

फोन माझ्याकडे राहिला. एका जागेत माझं नवं सिम, दुसऱ्या जागेत आईचं. पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला आणि स्क्रीनवर ‘सिम २’ अशी अक्षरं आली. मी उचलला. ‘भाभीजी, आपका ब्लाउज़ कब से सिला पड़ा है, ले तो जाओ!’ टेलरमास्तर. मी सांगितलं, मी येऊन घेऊन जाईन. मग पापडवाल्या बाईंचा आला. मग कुणा पाठकबाईंचा, आवळे स्वस्त झालेत, मुरंबा घालायचा का म्हणून. प्रत्येक जण सुरुवातीचे दोन शब्द आईसाठी ठेवलेल्या आवाजात बोलायचं, मग मी बोलले की तो आवाज थोडा सैल पडायचा. पण ते पहिले दोन शब्द माझ्या कानात पडायचे. ‘काय गं सुमा!’ ‘अहो सुमनताई!’ इतक्या मायेनं त्या घरात कुणी कुणाला हाक मारून किती दिवस झाले होते. माझ्या सिमवर कंपनीचे मेसेज यायचे. मी वाट बघायचे ती सिम दोनची.

तिसऱ्या माळेला कुमुदमावशींचा फोन आला. या आईच्या भोंडल्याच्या कंपूतल्या पुढारी. लष्करातल्या मराठी बायका नवरात्रात आळीपाळीनं एकेकीकडे भोंडला करायच्या: मधे पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर धरून गाणी, आणि शेवटी डब्यात झाकलेली खिरापत ओळखायची. पंचमीचा दिवस आईचा, माझ्या जन्माच्याही आधीपासून. मावशी उन्हाळ्यापासून लेकीकडे इंदूरला होत्या, परवाच परतल्या होत्या. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही, थेट आपल्या हिंदी मिसळलेल्या मराठीत सुरू झाल्या. ‘सुमा, मी आली गं परत. सुन, पंचमी नेहमीसारखी तुझ्याकडेच धरते. सगळ्यांना बोलून देऊ ना?’

आई इथं नाही, असं सांगायला एवढासा श्वास लागला असता. मी म्हणाले, ‘हो. आमच्याकडेच.’

‘बस्स मग,’ म्हणून त्यांनी ठेवून दिला, कारण त्यांना अजून सगळ्यांना कळवायचं होतं.

मला खिरापत करता येत नव्हती, धड गाणी येत नव्हती, आणि आईच्या नावावर मी गाव बोलावून बसले होते. रात्रीच्या जेवणात मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता चिडतील. त्यांनी भातात आमटी कालवली, दोन घास खाल्ले. मग म्हणाले, ‘पाट माळ्यावर आहे. काढून ठेवतो.’

पंचमीला शाळेतून ते लवकर आले. गच्ची धुतली, पाट मांडला आणि उकिडवे बसून रांगोळीनं हत्ती काढला. दरवर्षी तेच काढायचे, पण तेव्हा आई मागे उभी राहून ‘सोंड आखूड झाली’ असं काही तरी म्हणायची. त्या दिवशी त्यांनी हत्ती पूर्ण केला आणि मान वळवून मागे बघितलं. मी होते. मी म्हणाले, ‘सोंड छान झालीये.’ त्यांनी अंबारीला आणखी एक झालर काढली. खिरापतीचं मी माझ्या कुवतीत बसेल असं ठरवलं होतं. ग्वाल्हेरला त्या दिवसांत हातगाड्यांवर हिरव्या शिंगाड्यांचे ढीग असतात. मी ते मीठ घालून उकडले, आंटींच्या मिक्सरवर हिरवी चटणी वाटली आणि मोठ्या डब्यात झाकून ठेवलं. उकडलेल्या शिंगाड्यांचा काळपट, ओला वास जिन्यापर्यंत गेला होता. मी उदबत्ती लावून तो लपवला.

बायका आल्या. जिना चढतानाच हाका सुरू झाल्या, ‘सुमा! अगं सुमा!’ मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, ‘आई पुण्यालाच आहे. भोंडला मी ठेवलाय.’ सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. कुमुदमावशींनी कमरेवर हात ठेवला. ‘मग फोनवर कोण होतं?’

‘मी.’

‘नंबर तर सुमाचाच लावला होता मी.’

‘तो आता इथंच असतो.’

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझी हनुवटी धरून म्हणाल्या, ‘आवाज तर बिलकुल आईचा झालाय तुझा. पण काय गं ही, खात-पीत नाहीस का? किती वाळलीस!’ मला एकदम भरून आलं. जे ऐकायला मी तडफडत होते ते मिळालं होतं, फक्त ज्या तोंडून हवं होतं त्या तोंडून नाही. मी ‘चला ना वर’ म्हणून आधीच जिना चढायला लागले.

गच्चीवर फेर धरला. म्हाताऱ्या बायका जोरात गायच्या, त्यांच्या सुना अर्धवट, आणि आमच्या वयाच्या मुली नुसत्या ओठ हलवायच्या. एकजण मला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘यार, मला फक्त पहिली लाइन येते, उसके बाद गोल-गोल घूमो.’ खिरापतीला तर मजा आली. डबा हलवून, कान लावून झाला. गोड की तिखट? तळलेलं की उकडलेलं? ‘मीठा है कि नमकीन, इतना तो बता!’ लाडू झाले, ढोकळा झाला, साबुदाणावडा झाला. शेवटी झाकण उघडलं तर शिंगाडे. कुमुदमावशी म्हणाल्या, ‘हे काय, ठेल्यावरचं? ही काय खिरापत झाली?’ आणि सगळ्यात आधी त्यांनीच सोलायला घेतले. गच्चीभर शिंगाड्यांच्या साली झाल्या. आमच्या घरात इतका आवाज वर्षभरात झाला नव्हता.

पुन्हा एक फेर सुरू झाला आणि दादाचा पहिला व्हिडिओ कॉल आला. मी त्याला वेळ सांगून ठेवली होती. स्क्रीनवर आधी काळं, मग चौकोन चौकोन, आणि मग आई. तिनं नवा चष्मा घेतला होता. मागे कुणाचे तरी निळे पडदे होते, मांडीवर बाळ होतं, आणि ते बाळ तिच्या मंगळसूत्राशी इतकं हक्कानं खेळत होतं की मला क्षणभर त्याचा राग आला. मी फोन फेराकडे धरला. आई ओरडली, ‘अगं बाई, कुमुद! हत्ती काढलाय! हे सगळं आपल्या गच्चीवर?’ झालं, फेर मोडला आणि सगळ्या धावत माझ्याभोवती आल्या, स्क्रीनमधल्या आईला हात हलवायला. आई म्हणाली, ‘कुठे गेल्या सगळ्या? मला पाण्याची टाकी दिसतेय.’ मी ओरडत होते, ‘मागे जा, फोनच्या मागे! कॅमेरा मागे आहे!’ मागे गेल्या तर त्यांना आई दिसेना. दिसायचं असेल तर बघता येत नव्हतं आणि बघायचं असेल तर दिसता येत नव्हतं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग त्या पुन्हा फेरात गेल्या, आणि आईनं विचारलं, ‘आणि तू गं? सगळ्या दिसल्या, शलू कुठे आहे?’

‘मी इथंच आहे. फोन मीच धरलाय.’

‘मग दाखव ना स्वतःला.’

मी फोन उलटा केला. आता माझ्यासमोर फोनची काळी पाठ होती आणि तिच्यात एक गोल काच. मी हसले. केस सारखे केले. पलीकडून काही आवाज येईना. ती बघतेय की बाळाकडे वळलीये, की लाइन गेलीये, काही कळायला मार्ग नव्हता. मी त्या काचेकडे बघत उभी राहिले आणि मला वाटलं, मी भिंतीपुढे उभी आहे.

भोंडल्यात पुरुष येत नाहीत. बाबा मघापासून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होते. ते आले आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. ‘तू जा खेळायला,’ म्हणाले, ‘मी धरतो. दिसशील तिला.’ मी फेरात शिरले. कुमुदमावशींनी माझा एक हात धरला, मघाशी ढोसणाऱ्या मुलीनं दुसरा. आई बघतेय म्हणून मी मोठ्यानं गायले, येत नव्हतं तेही गायले, प्रत्येक वेळी बाबांच्या समोर आले की मान वर करून हसले. दोन-तीन वळणं झाल्यावर माझं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. ते फेराकडे बघतच नव्हते, स्क्रीनकडे बघत होते. फोन हळूहळू कलत गेला होता आणि त्याचा डोळा आकाशाकडे लागला होता. तेवढ्या महिन्यांत त्यांनीही आईला पाहिलं नव्हतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. गाण्याच्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही. बाबा बोलत होते, आणि चार शब्दांपेक्षा जास्त बोलत होते. मी त्यांना फोन सरळ धरायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाळ झोपल्यावर, आईनं मला फोन केला. ‘तुझ्या बाबांनी मला सगळा वेळ आभाळ दाखवलं,’ ती हसत म्हणाली. ‘पण त्याआधी तू दिसलीस. केस कापलेस? कुणाला विचारून?’ मी सांगायला लागले आणि एकदाची सगळं सांगत सुटले: पूजा, पुटकुळ्या, टेलरमास्तर, आवळे, मावशींचा फोन आणि मी कशी ‘हो’ म्हणाले ते. ती ऐकत होती. बाळ त्या दिवशी उठलं नाही. शेवटी ती म्हणाली, ‘बरं झालं गं. लोकांना तुझी सवय झाली. आता तो नंबर तूच वापर, शलू. मला इथं काय करायचाय त्याचा? इथं सगळ्यांकडे माझा पुण्याचा नंबर आहे.’

जुनी साडी मुलीला देऊन टाकावी तितक्या सहज ती म्हणाली. प्रेमानंच म्हणाली. मी ‘बरं’ म्हणाले. फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसले, आणि महिनाभराची गोष्ट कुठे येऊन संपली ते मला कळलं. तिला स्वतःला ते कळलं होतं की नाही कोण जाणे. त्यानंतर आई ग्वाल्हेरला आली, पुष्कळदा आली, दिवाळ्यांना, लग्नकार्यांना. पण परतीचं तिकीट पर्समध्ये घेऊनच.

संध्याकाळी बाबा हजीऱ्याहून आले. मी चहा टाकला. त्यांनी हातपाय धुतले, कप घेतला आणि, असं कधी होत नसे, स्वतःहून विचारलं, ‘आईचा फोन आला होता?’

‘हो.’

‘काय म्हणाली?’

‘तुम्ही आभाळ दाखवलंत म्हणाली.’

ते हसले. चहा बशीत ओतला. ‘आणि?’

मी त्यांच्याकडे बघितलं. कानाजवळ कालच्या रांगोळीचा पांढरा कण तसाच राहिला होता. ‘आणि ते सिम नीट सांभाळायला सांगितलंय,’ मी म्हणाले.

‘सांगायला कशाला हवं,’ बाबा म्हणाले, ‘आली की लागणारच आहे तिला.’